विश्लेषण : स्पर्धकाची गूगल जाहिरात खरेच ‘चालते’ का, हे ओळखायचे कसे?

हापूसचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. मार्चमध्ये पेट्यांची आवक वाढते आणि जूनच्या पावसाबरोबर हंगाम आटोपतो. देवगड, रत्नागिरीकडचे अनेक बागायतदार आता दलालावर अवलंबून न राहता थेट ग्राहकाच्या घरी पेटी पोहोचवतात. हा ग्राहक मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे गूगलवरची जाहिरात. ‘देवगड हापूस ऑनलाइन’ असे कुणी शोधले की निकालांच्या वर ‘प्रायोजित’ असा शिक्का असलेल्या ओळी दिसतात, त्या याच जाहिराती.

या जाहिरातीत पैसे जातात ते क्लिकमागे. ग्राहकाने पेटी घेतली काय किंवा नुसता भाव बघून पान बंद केले काय, क्लिकचे पैसे कापले जातात. त्यामुळे नव्या विक्रेत्याला पहिला सल्ला मिळतो तो असा : ‘ज्यांचे चांगले चालले आहे त्यांच्या जाहिराती बघ आणि तशीच दे.’ यातला ‘बघ’ हा भाग उत्तम आहे. ‘तशीच दे’ हा भाग मात्र महागात पडू शकतो. स्पर्धकाच्या जाहिरातीतून नेमके काय कळते आणि काय कधीच कळत नाही, हे समजून घेतले तर छोट्या विक्रेत्याचे बरेच पैसे वाचतील. हापूस हे येथे उदाहरण. क्लासचालक, पर्यटन व्यावसायिक, पैठणी विक्रेते किंवा दंतवैद्य यांनाही हेच लागू पडते.

क्लिकमागे पैसे ही पद्धत आली कुठून?

अमेरिकी उद्योजक बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ या शोधसंकेतस्थळाने १९९८ मध्ये ही पद्धत रूढ केली. शोधशब्दासाठी जो जास्त बोली लावेल तो वर, असा सरळ हिशेब होता. विशेष म्हणजे कोणी किती बोली लावली आहे हे निकालाशेजारीच उघड दिसत असे. म्हणजे त्या काळी स्पर्धकाचा अभ्यास करायला वेगळे काही करावेच लागत नव्हते. ही कंपनी २००१ मध्ये ‘ओव्हर्चर’ झाली आणि २००३ मध्ये ‘याहू’ने ती विकत घेतली.

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केले, तेव्हा साधारण ३५० जाहिरातदार होते. २००२ पासून तेथेही क्लिकमागे पैसे आणि लिलाव आला. पण गूगलने दोन गोष्टी बदलल्या. बोली झाकली गेली आणि क्रम ठरवताना बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही धरला जाऊ लागला. २०१८ मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’चे नाव ‘गूगल अ‍ॅड्स’ झाले, तरी मूळ रचना हीच राहिली. आज स्पर्धकाची जाहिरात दिसते, पण तो किती मोजतो ते दिसत नाही.

मग वरचा क्रमांक कोणाला मिळतो?

समजा, ‘अ’ने क्लिकमागे २० रुपयांपर्यंत बोली लावली आणि त्याच्या जाहिरातीचा दर्जा ४ आहे. गुणाकार ८०. ‘ब’ची बोली फक्त १२ रुपये, पण दर्जा ८. गुणाकार ९६. ‘ब’ वर दिसेल. शिवाय त्याला पूर्ण १२ रुपये द्यावे लागणार नाहीत. ‘अ’च्या ८० ला मागे टाकण्यापुरतेच, म्हणजे साधारण १० रुपये पुरतील. प्रत्यक्ष सूत्रात ग्राहकाचे ठिकाण, वेळ, मोबाइल की संगणक, जाहिरातीला जोडलेले फोन क्रमांक किंवा दुवे असे इतरही घटक असतात. पण तत्त्व हेच.

दर्जा तीन गोष्टींवरून ठरतो : जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, शोधलेल्या शब्दाशी तिचा मेळ आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा अनुभव. जाहिरातदाराला स्वतःच्या खात्यात प्रत्येक शोधशब्दापुढे १ ते १० असा गुणांक दिसतो. स्पर्धकाचा गुणांक मात्र दिसत नाही.

याचा अर्थ, जाहिरात सर्वात वर आहे म्हणून तो स्पर्धक सर्वाधिक खर्च करतो असे नाही. आणि त्याचेच शब्द उचलून आपण जाहिरात दिली, तरी त्याच्याइतक्या स्वस्तात वरची जागा मिळेल याची खात्री नाही.

स्पर्धकाच्या जाहिराती अधिकृतपणे कुठे पाहता येतात?

पहिली जागा म्हणजे गूगलचे ‘अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर’. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेले हे दालन सर्वांसाठी मोफत खुले आहे. ओळख पडताळून झालेल्या जाहिरातदाराचे नाव किंवा संकेतस्थळ टाकले की त्याच्या जाहिराती, त्या कोणत्या देशात दिसल्या आणि शेवटच्या कधी दिसल्या, हे समजते. कोणत्या शोधशब्दावर दाखवली, किती क्लिक आले, किती खर्च झाला, हे तेथे मिळत नाही. फेसबुक, इन्स्टाग्रामवरील जाहिरातींसाठी ‘मेटा’चेही असेच ग्रंथालय आहे.

दुसरी जागा गूगल अ‍ॅड्सच्या खात्यातच आहे. ‘कीवर्ड प्लॅनर’मध्ये एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो, त्यासाठी जाहिरातदारांची चुरस किती आणि वरच्या जागेसाठी बोलीची खालची-वरची मर्यादा काय, हे कळते. तेथे स्पर्धकाच्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला, तर त्या पानाशी जुळणारे शोधशब्दही सुचवले जातात. तो याच शब्दांवर पैसे खर्च करतो, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

तिसरे साधन ‘ऑक्शन इनसाइट्स’. ते आपली स्वतःची जाहिरात सुरू झाल्यावर आणि पुरेशा वेळा दिसल्यावरच उपलब्ध होते. आपल्याबरोबर त्याच लिलावात कोण होते, ते किती वेळा दिसले, किती वेळा आपल्या वर होते, हे त्यात टक्केवारीत मिळते. अनेकांना येथे धक्का बसतो. स्पर्धक म्हणून शेजारच्या बागायतदाराचे नाव मनात असते आणि यादीत मात्र किराणा पोहोचवणारी मोठी अ‍ॅप्स वर असतात.

चौथे, ‘अ‍ॅड प्रिव्ह्यू’. पुण्यात किंवा बंगळूरुत बसलेल्या ग्राहकाला कोणत्या जाहिराती दिसतील, हे देवगडात बसून येथे पाहता येते. गूगलवर स्वतः पुन्हा पुन्हा शोधण्यापेक्षा हे बरे. कारण आपली जाहिरात वारंवार दिसूनही क्लिक झाला नाही तर तिचीच आकडेवारी खालावते, आणि आपल्याला दिसणारे निकाल आपल्या ठिकाणावर व सवयींवर अवलंबून असतात.

जाहिरात सापडली, तिच्यात काय वाचायचे?

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज शोधाच्या जाहिरातीत एकच ठरलेला मजकूर नसतो. जाहिरातदार जास्तीत जास्त १५ मथळे आणि ४ वर्णने देतो. मथळ्याला ३० अक्षरांची, वर्णनाला ९० अक्षरांची मर्यादा. त्यातून कोणते मथळे, कोणत्या क्रमाने, कोणाला दाखवायचे हे गूगलची यंत्रणा ठरवते. त्यामुळे तुम्हाला दिसलेली ‘यशस्वी जाहिरात’ ही अनेक जुळण्यांपैकी फक्त एक असते. शेजाऱ्याच्या फोनवर त्याच विक्रेत्याची वेगळी जाहिरात दिसू शकते.

म्हणून शब्द उचलण्यापेक्षा आश्वासने मोजावीत. हापूसच्या दहा जाहिराती शेजारी शेजारी मांडल्या तर साधारण चार-पाच प्रकारची आश्वासने निघतात : अस्सलपणा, कार्बाइडमुक्त पिकवण, घरपोच सेवा, भाव आणि खराब फळ बदलून देण्याची हमी. कोणते आश्वासन सगळेच देतात आणि कोणते कोणीच देत नाही, ही खरी माहिती.

सगळेच ‘शंभर टक्के अस्सल’ म्हणत असतील, तर त्याचा अर्थ ग्राहकाला भेसळीची धास्ती आहे. ती अनाठायी नाही. परराज्यातील आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. पण सगळेच तेच वाक्य लिहितात तेव्हा त्या वाक्याला वजन उरत नाही. अशा वेळी ‘भौगोलिक मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता’, ‘आमच्या बागेचे गाव अमुक’, ‘गवताच्या अढीत पिकवलेला’ अशी तपासता येणारी गोष्ट सांगणारा वेगळा उठून दिसतो. अर्थात, ती खरी असली पाहिजे.

जाहिरातीनंतरचे पानही तितकेच महत्त्वाचे. तेथे जाण्यासाठी स्पर्धकाच्या जाहिरातीवर क्लिक करू नये. त्याचा पत्ता थेट टाकून पान उघडावे. कारण क्लिकचा भुर्दंड त्याला पडतो. मुद्दाम वारंवार केलेले क्लिक गूगल ‘अवैध’ म्हणून गाळण्याचा प्रयत्न करते, पण मुळात तो खोडसाळपणाच आहे. पानावर पुढील गोष्टी पाहाव्यात : भाव डझनाचा की पेटीचा, वाहतूक खर्च त्यात धरला आहे का, फळाचे वजन दिले आहे का, पिनकोड टाकून पोहोच तपासता येते का, फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक लगेच दिसतो का आणि खराब फळाबद्दल नेमके काय लिहिले आहे. मोबाइलवर पान उघडायला वेळ लागतो का, हेही बघावे.

स्पर्धकाचे शोधशब्द सांगणारी साधने किती भरवशाची?

‘सेमरश’, ‘स्पायफू’, ‘सिमिलरवेब’ अशी सशुल्क साधने स्पर्धकाचे शोधशब्द, जाहिराती आणि महिन्याचा खर्चसुद्धा सांगतात. त्यांना गूगलच्या खात्यातली माहिती मिळत नाही. शोधाच्या साधनांची पद्धत साधारण अशी : ठरावीक शब्द वारंवार शोधायचे, दिसलेल्या जाहिराती नोंदवायच्या आणि अंदाजे क्लिक गुणिले अंदाजे भाव करून खर्च काढायचा. दोन अंदाजांचा गुणाकार हाही अंदाजच असतो.

मोठ्या बाजारातल्या, वर्षभर शोधल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांसाठी हा अंदाज उपयोगी पडतो. पण अडीच महिन्यांचा हंगाम, मराठी आणि रोमन लिपीतली मराठी अशी सरमिसळ, जाहिरात फक्त दोन-चार शहरांपुरती, अशा ठिकाणी नोंदीच कमी असतात. तेथे ‘हा विक्रेता या शब्दावर जाहिरात देतो’ एवढे मान्य करावे. ‘तो महिन्याला इतके रुपये खर्च करतो’ यावर आपले अंदाजपत्रक बांधू नये.

आणखी एक गोष्ट ही साधने दाखवू शकत नाहीत. स्पर्धकाने कोणते शब्द मुद्दाम वगळले आहेत? ‘हापूस आंबा कलम’, ‘हापूस आंबा फोटो’, ‘आमरस कसा करायचा’ असे शोधणारा माणूस पेटी घेण्याच्या बेतात नसतो. असे शब्द ‘नकारात्मक’ यादीत टाकले की त्या शोधांवर जाहिरात दिसत नाही आणि पैसे वाचतात. अनुभवी जाहिरातदाराचा नफा बऱ्याचदा या न दिसणाऱ्या यादीत असतो.

बरेच दिवस चाललेली जाहिरात यशस्वीच असते ना?

‘तोटा होत असता तर त्याने जाहिरात कधीच बंद केली असती,’ असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वसाधारणपणे पटण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे टिकलेली जाहिरात हा एक चांगला इशारा असतो. पण पुरावा नव्हे.

याचे गाजलेले उदाहरण ‘ईबे’चे. या कंपनीतील अर्थतज्ज्ञ थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टडेलिस यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग सुरू केला. स्वतःच्या नावाच्या शोधावर कंपनी देत असलेल्या जाहिराती काही शोधयंत्रांवर थांबवल्या. लोकांचे येणे घटले का? जवळपास नाहीच. जाहिरातीवरून येणाऱ्यांपैकी ९९.५ टक्के लोक खालच्या मोफत दुव्यावरून आले. इतर शब्दांवरच्या जाहिरातींचा नेहमीच्या ग्राहकांवर फारसा परिणाम नव्हता. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला जी जाहिरात वर्षानुवर्षे ‘चालत’ होती, तिचा बराचसा खर्च वाया जात होता, आणि प्रयोग करेपर्यंत खुद्द कंपनीलाही ते नेमके माहीत नव्हते. मात्र याच अभ्यासात नवे आणि क्वचित खरेदी करणारे ग्राहक जाहिरातीमुळे वाढल्याचेही दिसले. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा छोट्या विक्रेत्यासाठी हा दिलासा आहे. जाहिरात निरुपयोगी नाही. पण कोणासाठी उपयोगी, हे दुसऱ्याच्या जाहिरातीवरून ठरत नाही.

स्पर्धकाचे नाव किंवा मजकूर वापरला तर?

स्पर्धकाचे नाव शोधणाऱ्याला आपली जाहिरात दाखवणे, हा मुद्दा भारतात न्यायालयापर्यंत गेला आहे. ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ हे नाव वापरणारी डीआरएस लॉजिस्टिक्स आणि गूगल यांच्यातील वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटले की, नोंदणीकृत बोधचिन्ह शोधशब्द म्हणून वापरणे हा कायद्याच्या दृष्टीने ‘वापर’च आहे; पण ग्राहकाची दिशाभूल होत नसेल तर केवळ तेवढ्याने उल्लंघन ठरत नाही. ‘मेकमायट्रिप’ आणि ‘बुकिंग डॉट कॉम’ यांच्या प्रकरणातही डिसेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने हीच दिशा कायम ठेवली. थोडक्यात, लिलावात नाव वापरणे आणि जाहिरातीच्या मजकुरात ते नाव घालून ग्राहकाला गोंधळात टाकणे, यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात मालकाने तक्रार केल्यास गूगलही जाहिरातीवर निर्बंध घालते.

हापूसच्या बाबतीत एक जादा बंधन आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरचा आंबा या नावाने विकणे हा १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याचा भंग आहे आणि त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्पर्धकाने लिहिले म्हणून आपण लिहिले, ही सबब चालणार नाही.

मग आपला आकडा कसा काढायचा?

स्पर्धकाच्या जाहिरातीत कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे त्याला एका ऑर्डरमागे काय उरते. तुलना इथेच फसते. समजा, आंबा, खोके, वाहतूक आणि खराब निघणारी फळे असा सगळा खर्च वजा जाता तुम्हाला एका पेटीमागे ४०० रुपये उरतात. पानावर आलेल्या १०० जणांपैकी दोघे ऑर्डर देतात. म्हणजे १०० क्लिकमागे ८०० रुपये. क्लिकला ८ रुपयांपेक्षा जास्त मोजले की तोटा सुरू.

आता स्पर्धक पाहा. तो मोठ्या पेट्या विकतो, त्याला ऑर्डरमागे ७०० रुपये उरतात आणि ओळखीच्या नावामुळे १०० पैकी ४ जण घेतात. त्याला क्लिकमागे २८ रुपयेही परवडतात. त्याचा ग्राहक त्याच हंगामात दुसरी पेटी मागवत असेल, तर पहिल्या ऑर्डरवर तोटा सोसायचीही त्याची तयारी असेल. किंवा तो गुंतवणूकदारांच्या पैशावर केवळ नाव वाढवत असेल. जाहिरात तिघांचीही सारखीच दिसेल. तिच्या पाठोपाठ तुम्ही २० रुपयांची बोली लावली, तर तो कमावेल आणि तुम्ही गमवाल.

प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी?

आधी आपल्या ग्राहकाचे पंधरा-वीस शोधशब्द लिहून काढावेत आणि तीन गटांत वाटावेत : विकत घेण्याच्या बेतातले (‘देवगड हापूस घरपोच पुणे’), चौकशीचे (‘हापूस आंबा भाव आज’) आणि नुसत्या माहितीचे (‘अस्सल हापूस कसा ओळखावा’). पैसे पहिल्या गटावर लावावेत. तिसऱ्या गटासाठी आपल्या पानावर एक चांगला लेख किंवा व्हिडीओ पुरेसा असतो.

हंगाम सुरू होताच आठवड्यातून दोन ठरावीक दिवशी, त्याच शहरांसाठी, कोण दिसतो आणि काय सांगतो याची वहीत किंवा शीटमध्ये नोंद ठेवावी. दोन आठवड्यांत गायब झालेली नावे आणि अक्षय्य तृतीयेनंतरही टिकलेली नावे वेगळी होतात. टिकलेल्यांची आश्वासने आणि पाने बारकाईने वाचावीत. पुढच्या वर्षी ही नोंद कुठल्याही सशुल्क साधनापेक्षा जास्त उपयोगी ठरेल, कारण ती तुमच्याच बाजाराची असते.

नंतर छोटा प्रयोग. वर काढलेल्या आकड्याच्या आतच बोली ठेवून किमान २०० क्लिक होऊ द्यावेत. ८ रुपयांच्या हिशेबाने हा १,६०० रुपयांचा खर्च. त्याआधी निष्कर्ष काढण्याची घाई नको. १०० पैकी २ ग्राहक मिळणाऱ्या पानावरही पहिल्या ५० क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते, तेही निव्वळ योगायोगाने. मात्र २०० क्लिकनंतरही पाटी कोरी असेल, तर तशी शक्यता जेमतेम २ टक्के. तेव्हा जाहिरात थांबवावी आणि आधी पान, भाव किंवा शोधशब्द तपासावेत.

फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ऑर्डर मोजायला विसरू नये. आंब्यासारख्या मालात अनेक ग्राहक पान पाहतात आणि खात्री करायला फोन उचलतात. प्रत्येकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ एवढे विचारून उत्तर त्याच वहीत लिहिले, तरी स्पर्धकाच्या जाहिरातीत न सापडणारी माहिती हंगाम संपेपर्यंत हाताशी असेल.